डावी बाजू डावलली जाते तेव्हा

मराठी भाषेत 'डावा' या शब्दाच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. जे सरस ते उजवे आणि जे कमी प्रतीचे ते डावे, असा आपला जुना संकेत आहे. पंगतीत वाढताना एकाला तूप अधिक व दुसऱ्याला कमी पडले, तर 'डावे-उजवे केले' असा बोल यजमानिणीला लागतो. एखाद्याला जाणूनबुजून वगळले, तर त्याला 'डावलले' असे आपण म्हणतो. या 'डावलणे' क्रियापदाचे नाते 'डावा' याच शब्दाशी आहे. भाषेतील हा संकेत मेंदूच्या एका विकारात अक्षरशः खरा होतो, याची मात्र पुष्कळांना कल्पना नसते. त्या विकारात मनुष्य आपल्या डाव्या बाजूचे सारे जग डावलतो. ते तो बुद्ध्या करीत नाही आणि आपण तसे करीत आहोत हे त्याच्या गावीही नसते.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उद्भवणाऱ्या या विकाराची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. अर्धांगवायूला आपल्याकडे पक्षाघात असेही म्हणतात आणि माळव्यात 'लकवा' हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे. रोग कोणत्याही नावाने घरात येवो, त्यानंतरची शुश्रूषा बहुधा घरच्या माणसांनाच करावी लागते. म्हणून ही माहिती डॉक्टरांच्या ग्रंथांत बंदिस्त राहणे इष्ट नाही, असे आम्हांस वाटते.

विकार कोणता?

आपल्या मेंदूचे दोन गोलार्ध आहेत. उजवा गोलार्ध शरीराच्या डाव्या बाजूचे नियंत्रण करतो आणि डावा गोलार्ध उजव्या बाजूचे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बहुतेक माणसांच्या वाणीचे केंद्र डाव्या गोलार्धात असते. त्यामुळे झटका डाव्या गोलार्धाला बसला, तर उजवा हात-पाय लुळा पडतो आणि पुष्कळदा बोलणेही जाते. झटका उजव्या गोलार्धाला बसला, तर डावा हात-पाय जातो, परंतु वाणी बहुधा शाबूत राहते. रुग्ण नीट बोलतो, नातवंडांची नावे घेतो, जुन्या आठवणी सांगतो. अशा वेळी घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. 'हात गेला खरा, पण डोके शाबूत आहे,' असे एकमेकांस सांगतात.

नेमकी येथेच फसगत होते. उजव्या गोलार्धात, विशेषतः कानाच्या वर व मागे असलेल्या ज्या भागास डॉक्टर पेरायटल खंड म्हणतात तेथे व त्याच्या आसपास, आपल्या भोवतालच्या जागेकडे अवधान देण्याचे काम चालते. ते बिघडले की डोळे उत्तम असूनही डावीकडच्या वस्तू मनुष्याच्या ध्यानात येईनाशा होतात. या विकाराला आपण 'एकपार्श्वी दुर्लक्ष' म्हणू.

हे दुर्लक्ष उजव्या गोलार्धाच्या आघातानंतरच एवढ्या तीव्रतेने का दिसावे? याचे सर्वसाधारणपणे मानले जाणारे उत्तर असे : डावा गोलार्ध मुख्यतः उजव्या बाजूवर लक्ष ठेवतो, तर उजवा गोलार्ध दोन्ही बाजूंवर. दोन पहारेकऱ्यांपैकी एक फक्त पूर्वेचे दार राखतो आणि दुसरा पूर्व-पश्चिम दोन्ही दारे राखतो, अशी कल्पना करावी. पहिला आजारी पडला तरी दुसऱ्याची नजर दोन्ही दारांवर असते. दुसरा आजारी पडला, की पश्चिमेचे दार उघडे पडते. डाव्या गोलार्धाच्या झटक्यानंतर उजव्या बाजूचे दुर्लक्ष मुळीच होत नाही असे नाही. पण ते तुलनेने कमी वेळा आढळते व सौम्य असते.

एका घरातील हकीकत

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. घरातील वडीलधारे गृहस्थ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले होते. सारे त्यांना आबा म्हणत. स्वभाव शिस्तीचा आणि जेवण साग्रसंगीत. झटक्याने डावी बाजू लुळी पडली, पण वाणी खणखणीत राहिली. दोन महिन्यांनी ते टेबलापाशी बसून उजव्या हाताने जेवू लागले आणि घरात एक विचित्र कलह सुरू झाला.

आपल्या ताटाची मांडणी वाचकांस ठाऊकच आहे. लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे हे पदार्थ डावीकडे. भाज्या व आमटी उजवीकडे. आबा रोज तक्रार करू लागले, की सूनबाई आपल्याला कोशिंबीर वाढत नाही, लोणचे देत नाही. बाकी सर्वांच्या पानांत असते, आपल्याच पानात नसते. "आजारी माणसाला डावे-उजवे करता होय?" असे ते एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले. सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत बसली. कोशिंबीर त्यांच्या ताटात होती. रोजच असे. भाताची डावी बाजूही तशीच उरत असे.

आणखीही काही गोष्टी घडत. दाढी करताना डावा गाल राहून जाई. वर्तमानपत्र वाचताना 'हल्ली काय वाटेल ते छापतात, एका वाक्याचा दुसऱ्याशी मेळ नाही' असे ते म्हणत. कारण ते प्रत्येक ओळ अर्ध्यातून वाचावयास आरंभ करीत. मुलाने दोनदा चष्म्याचा नंबर बदलून आणला. उपयोग झाला नाही. शेजाऱ्यांनी निदान केले, की म्हातारपणी स्वभाव हट्टी होतोच.

पुढे रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आबांच्या पुढे कोरा कागद ठेवला आणि घड्याळाचे चित्र काढावयास सांगितले. आबांनी वर्तुळ सुरेख काढले. मग बारापासून आरंभ करून एकेक आकडा लिहिला. बाराच्या बारा आकडे त्यांनी वर्तुळाच्या उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसविले. डावा अर्धा भाग कोरा राहिला. "घड्याळ पूर्ण झाले का?" असे विचारता, "झाले की!" असे त्यांनी समाधानाने सांगितले. तो कागद मुलाने पाहिला, सुनेने पाहिला, आणि दोन महिन्यांच्या भांडणाचा उलगडा त्यांना क्षणात झाला. त्या दिवसापासून घरात ताट फिरवून ठेवण्याची पद्धत पडली. आरोप करणाऱ्याचा दोष नव्हता आणि जिच्यावर आरोप झाला तिचाही नव्हता. हे सिद्ध करण्यास एक पेन्सिल आणि एक कागद पुरला.

कागद-पेन्सिलीच्या कसोट्या

या विकाराची परीक्षा करण्याच्या पद्धती दिसावयास मुलांच्या खेळासारख्या आहेत. परंतु त्यांमागे पुष्कळ वर्षांचे निरीक्षण आहे.

पहिली कसोटी चित्र काढण्याची. घड्याळ, फूल, फुलपाखरू, मनुष्याकृती असे ज्याच्या दोन्ही बाजू सारख्या असतात ते चित्र रुग्णास आठवणीने काढावयास सांगतात. फुलाच्या डाव्या पाकळ्या नसतात. माणसाला डावीकडचा हात नसतो. घड्याळात आकडे एकीकडे लोटलेले असतात, किंवा सहापर्यंत येऊन थांबतात.

दुसरी कसोटी समोर ठेवलेल्या चित्राची नक्कल करण्याची. एक घर व आजूबाजूला झाडे असे साधे दृश्य देतात. कित्येक रुग्ण डावीकडची झाडे सोडून देतात. काही रुग्ण मात्र याहून नवलाचे काही करतात. ते डावीकडच्या झाडापर्यंत जातात, पण प्रत्येक झाडाची उजवी बाजू तेवढी काढतात. इंग्लंडमधील जॉन मार्शल व पीटर हॅलिगन या संशोधकांनी एका कुंडीतील एकाच देठावरची दोन फुले रुग्णापुढे ठेवली, तेव्हा डावे फूल गाळले गेले. तीच दोन फुले सुटी काढून दिली, तेव्हा दोन्ही फुलांच्या डाव्या पाकळ्या गाळल्या गेल्या. म्हणजे 'डावे' कशाचे डावे, हे मेंदू त्या वस्तूच्या मांडणीवरून ठरवितो. कधी ते आपल्या शरीराचे डावे असते, कधी त्या त्या वस्तूचे.

तिसरी कसोटी रेघ दुभागण्याची. कागदावर आडवी रेघ काढून तिच्या मधोमध खूण करावयास सांगतात. रुग्णाची खूण मध्यापासून उजवीकडे सरकते आणि रेघ जितकी लांब तितकी चूक सामान्यतः मोठी होते. रेघेचा डावा भाग त्याच्या हिशेबात पुरता आलेलाच नसतो.

चौथी कसोटी खुणा खोडण्याची. मार्टिन अल्बर्ट या अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञाने १९७३ साली एक अगदी सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. कागदावर सुमारे चाळीस लहान रेघा निरनिराळ्या दिशांनी विखुरलेल्या असतात. रुग्णाने प्रत्येक रेघेवर एक आडवी फुली मारावयाची. निरोगी मनुष्य एकही रेघ सोडीत नाही. रुग्ण उजवीकडच्या सर्व रेघा खोडतो आणि डावीकडच्या तशाच ठेवून पेन्सिल खाली ठेवतो. या कसोटीला अक्षरओळख लागत नाही. ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही अशा आजीबाईंचीही परीक्षा तिने घेता येते, हा तिचा मोठा गुण होय.

पुढे १९८७ साली इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन, जेनेट कॉकबर्न व पीटर हॅलिगन यांनी अशा अनेक कसोट्यांचा एक संच सिद्ध केला. त्यातील ताऱ्यांची परीक्षा विशेष प्रसिद्ध आहे. कागदावर ५२ मोठे तारे, ५६ लहान तारे, काही सुटी अक्षरे व शब्द मिसळलेले असतात. रुग्णाने लहान तारे तेवढे शोधून खोडावयाचे. गर्दीतून निवड करावयाची असल्याने ही परीक्षा रेघांच्या परीक्षेपेक्षा अधिक कसाची आहे. साध्या परीक्षेत निभावून गेलेला रुग्ण येथे उघडा पडतो. १९८९ साली कॅनडातील संशोधकांनी घंटांची परीक्षा तयार केली. तिच्यात इतर अनेक चित्रांच्या गर्दीत ३५ घंटा लपविलेल्या असतात. रुग्ण शोधास कोठून आरंभ करतो आणि कोणत्या क्रमाने जातो हेही परीक्षक टिपून ठेवतो. डावीकडून उजवीकडे लिहिणारा मनुष्य बहुधा डाव्या कोपऱ्यापासून आरंभ करतो. हा रुग्ण उजव्या कोपऱ्यापासून करतो. पुष्कळदा तेवढ्यावरूनही संशय येतो.

परीक्षा घेण्याचेही नियम आहेत. कागद रुग्णाच्या छातीच्या बरोबर समोर हवा, तो सरकू वा फिरू नये. चष्मा असल्यास लावलेला असावा. उजेड पुरेसा असावा आणि मनुष्य पुरता जागा असावा. कोणी डावीकडून बोट दाखवू नये, 'अहो, इकडे पाहा' असे सुचवू नये. परीक्षेच्या वेळी मुलाला उत्तर सुचविणारे पालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. रुग्णाचे आप्तही त्याच मायेने तसे करतात आणि परीक्षा निष्फळ होते.

डोळ्यांचा दोष की अवधानाचा?

वाचक विचारतील, की हा दृष्टिदोषच कशावरून नव्हे? झटक्यानंतर काहींची अर्धी दृष्टी खरोखरच जाते, हे खरे. पण अशा माणसाला आपले एका बाजूचे दिसत नाही याची लवकरच जाणीव होते आणि तो मान वळवून ती उणीव भरून काढतो. दुर्लक्षाचा रुग्ण मान वळवीत नाही. जेथे काही आहे असे वाटतच नाही, तेथे पाहावयाचे कशाला?

याचा सर्वांत सुंदर पुरावा इटलीतून आला. १९७८ साली मिलान शहरातील एदुआर्दो बिसियाक व क्लाउदिओ लुत्सात्ती यांनी दोन रुग्णांना त्यांच्या परिचयाच्या एका चौकाची कल्पना करावयास सांगितले. तो चौक म्हणजे मिलानच्या भव्य कॅथीड्रलपुढचा. 'आपण चौकाच्या पलीकडच्या टोकाला कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहोत असे समजा आणि काय काय दिसते ते सांगा,' असे विचारता रुग्णांनी उजव्या हाताच्या इमारती व दुकाने सांगितली, डावीकडची गाळली. मग त्यांना सांगितले, 'आता कॅथीड्रलच्या दाराशी उभे राहून चौकाकडे पाहत आहोत असे समजा.' तेव्हा त्यांनी पूर्वी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या! इंदूरकर वाचकांनी राजवाड्यापुढचा चौक, ग्वाल्हेरकरांनी महाराज बाडा, बडोदेकरांनी मांडवी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे या प्रयोगाचे मर्म ध्यानात येईल. दोन्ही बाजूंचे ज्ञान स्मृतीत शाबूत होते. मनश्चक्षूंनी पाहतानाही डावी बाजू तेवढी निसटत होती. चर्मचक्षूंचा येथे काहीच संबंध नव्हता.

याहून गूढ असा प्रयोग मार्शल व हॅलिगन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या एका रुग्ण स्त्रीपुढे दोन घरांची चित्रे ठेवली. एका घराच्या डाव्या भागातून ज्वाळा निघत होत्या, एवढाच फरक. दोन्ही घरे सारखीच आहेत, असे तिने सांगितले. परंतु 'यांपैकी कोणत्या घरात राहावयास आवडेल?' असे पुनःपुन्हा विचारता, तिने बहुतेक वेळा न जळणारे घर निवडले. काय हा वेडा प्रश्न, असेही तिला वाटले! म्हणजे डावीकडची माहिती मेंदूत कोठेतरी पोहोचत होती, पण जाणिवेच्या उंबरठ्यावर अडत होती.

कलावंतांची साक्ष

ज्यांचे आयुष्य चित्रे काढण्यात गेले, त्यांच्यावर हा प्रसंग आला तर? अंटोन रेडरशाइट या जर्मन चित्रकाराला १९६७ साली मेंदूच्या उजव्या भागाचा झटका आला. त्याने धीराने पुन्हा कुंचला हाती धरला आणि स्वतःचीच चित्रे रंगविण्यास आरंभ केला. आरंभीच्या चित्रांत कॅनव्हासचा डावा भाग जवळजवळ रिकामा आहे, चेहराही उजवीकडेच आहे. पुढच्या महिन्यांत एकेका चित्रागणिक डावी बाजू भरत गेलेली दिसते. १९७० साली तो वारला. त्याची ती चित्रमालिका या विकारातून होणाऱ्या सुधारणेचा जणू लेखी पुरावाच होय.

प्रख्यात इटालियन चित्रपट-दिग्दर्शक फेदेरिको फेलिनी यांना ऑगस्ट १९९३ मध्ये रिमिनी येथे असाच झटका आला. ते उत्तम व्यंगचित्रकारही होते. रुग्णालयात रेघा दुभागण्याची कसोटी दिली, तेव्हा त्या शुष्क रेघांवर त्यांनी गमतीदार चित्रे काढली. आपल्याला डावी बाजू सुटते हे त्यांना समजत होते आणि त्यावर ते विनोदही करीत. पण ते समजूनही चित्रांत डावी बाजू सुटतच होती. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. 'लक्ष द्या म्हणजे दिसेल' असा उपदेश करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे. आपल्या उणिवेचे ज्ञान असणे वेगळे आणि तिच्यावर मात करता येणे वेगळे.

अर्थात फेलिनींसारखी जाणीव सर्वांना असत नाही. कित्येक रुग्णांना आपला हात लुळा पडला आहे हेही पटत नाही. बाबिन्स्की या फ्रेंच वैद्याने १९१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले, तेव्हापासून ती वैद्यकात मान्य झालेली आहे. ती रुग्णाची लबाडी नव्हे आणि वेडही नव्हे.

आपली लिपी आणि ही परीक्षा

मराठीचा शिक्षक म्हणून आम्हांस या विषयात एक वेगळे कुतूहल वाटते. आपली लिपी डावीकडून उजवीकडे धावते. त्यामुळे डावी बाजू सुटली, की वाक्याचा आरंभच सुटतो. शब्दाचाही पूर्वार्ध गळू शकतो. 'राजवाडा' हा 'वाडा' होईल, 'देवघर' हे नुसते 'घर' होईल. वाचणाऱ्याला अर्थपूर्ण शब्द मिळाल्यामुळे चूक झाली असे वाटणारही नाही. ऱ्हस्व इकार तर आपण उच्चारतो अक्षरानंतर आणि लिहितो अक्षराच्या डावीकडे. रोमन अक्षरांसाठी घडविलेल्या वाचनपरीक्षांची केवळ भाषांतरे करून भागणार नाही, हे यावरून उघड आहे.

लिपीच्या दिशेचा परिणाम निरोगी माणसांतही दिसतो. रेघ दुभागताना डावीकडून उजवीकडे वाचणारे फ्रेंच लोक मध्यापासून किंचित डावीकडे खूण करतात आणि उजवीकडून डावीकडे वाचणारे इस्रायली लोक किंचित उजवीकडे, असे १९९३ साली दाखविले गेले. हा फरक अल्प असतो, रुग्णाच्या चुकीएवढा नसतो. तरी जुन्या हैदराबाद संस्थानात ज्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, अशा आपल्या वयोवृद्ध मराठी मंडळींची परीक्षा घेताना 'आपण कोणत्या लिपीत शिकलात?' हा प्रश्न विचारणे शहाणपणाचे ठरेल.

कसोटीच्या मर्यादा

कोणतीही एक परीक्षा पुरेशी नसते, हे तत्त्व शाळेत खरे आहे तसे येथेही. घड्याळाचे चित्र स्मृतिभ्रंशामुळेही बिघडते, तेव्हा केवळ त्यावरून निदान करणे योग्य नव्हे. उलट, कागदावर सर्व तारे खोडणारा रुग्ण दाराच्या डाव्या चौकटीवर आपटू शकतो. कारण शांत खोलीतील एक पान वेगळे आणि वर्दळीचा रस्ता वेगळा. काहींचे दुर्लक्ष हाताच्या टप्प्यातील वस्तूंपुरते असते, काहींचे दूरच्या वस्तूंबाबत, तर काहींचे केवळ स्वतःच्या शरीराबाबत.

म्हणून फ्रान्समध्ये कॅथरीन बेर्जेगो यांच्या नावाची एक मोजपट्टी तयार झाली. तिच्यात रोजच्या व्यवहारातील दहा गोष्टी पाहतात : डावा गाल धुतला-पुसला जातो का, डावी बाही चढविली जाते का, ताटाच्या डावीकडचे खाल्ले जाते का, डावीकडून हाक मारता मान वळते का, चालताना डावीकडे धक्का लागतो का, अशा. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण आणि एकूण गुण तीस. येथे अधिक गुण म्हणजे अधिक दोष. तेच प्रश्न रुग्णालाही विचारतात. दोन्ही उत्तरांतील अंतरावरून त्याला स्वतःच्या उणिवेची किती जाणीव आहे तेही कळते. या दहा गोष्टी सर्वांत जवळून पाहतात ती घरची माणसे. डॉक्टरांस त्यांनी सांगितलेली बारीकसारीक माहिती म्हणूनच मोलाची ठरते.

घरच्यांनी काय करावे?

झटक्याची लक्षणे दिसताच, म्हणजे तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, रुग्णाला विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. रुग्ण 'मला काही झालेले नाही' म्हणाला तरी थांबू नये. तसे वाटणे हाच रोगाचा भाग असू शकतो.

पुढे घरी आल्यावर वर सांगितलेली लक्षणे दिसली, तर कागदावर फूल किंवा घड्याळ काढवून घेण्यास हरकत नाही. ज्या गृहिणीचा हात रांगोळीवर बसलेला आहे, तिच्या ठिपक्यांची डावी बाजू सुटू लागली तर तेही ध्यानात घ्यावे. मात्र निदान आपण करू नये. तो कागद तारीख घालून जपून ठेवावा आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांस दाखवावा. महिन्या-महिन्याचे कागद शेजारी ठेवले, की सुधारणाही दिसते. बहुतेकांत पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत पुष्कळ फरक पडतो. काहींत दोष दीर्घकाळ टिकतो.

उपचारांत नजर नेटाने डावीकडे नेण्याचा सराव मुख्य आहे. पानाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढावी आणि ती दिसेपर्यंत वाचनास आरंभ करू नये, असा नियम रुग्णास लावावा. १९९८ साली फ्रान्समध्ये यीव्ह रोसेत्ती व सहकाऱ्यांनी दृश्य उजवीकडे सरकविणारा लोलकाचा चष्मा लावून थोडा वेळ बोट रोखण्याचा सराव करविला. चष्मा काढल्यावर रुग्णांचे लक्ष काही काळ डावीकडे वळले. पुढील प्रयोगांत मात्र या उपायाचा गुण सर्वांना सारखा आलेला नाही. तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच तो करावा.

घरच्या घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. जेवताना ताट अर्धे फिरवावे, किंवा 'डावीकडे पाहा बरे' अशी सौम्य आठवण द्यावी. बोलताना आधी समोर बसून मग हळूहळू डावीकडे सरकावे. लुळा हात चाकाच्या खुर्चीच्या चाकात अडकत नाही ना, अंगाखाली दबत नाही ना, हे पाहावे. गरम भांडे, पेटती शेगडी, उघडी विळी डाव्या हाताशी ठेवू नये. रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नये आणि डॉक्टरांच्या अनुमतीवाचून वाहन तर मुळीच देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रागावू नये. ताट अर्धे टाकले म्हणून, सदरा एकाच बाहीत घातला म्हणून, समोर असलेली वस्तू 'नाही' म्हटली म्हणून रुग्णाला बोल लावू नये. घरातल्या ज्या सुनेवर, मुलीवर, पत्नीवर तो बोल लावतो, तिनेही ते मनावर घेऊ नये. आणि इतरांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. आमच्या मंडळांच्या आरोग्य-शिबिरांत रक्तदाब व मधुमेहाची तपासणी होते, ते स्तुत्यच आहे. झटका टाळण्याचा खरा मार्ग तोच. तेथेच एखादे व्याख्यान झटक्यानंतरच्या या अदृश्य उणिवेवर ठेविले, तर कित्येक घरांतील गैरसमज उद्भवण्यापूर्वीच मिटतील. त्यासाठी खर्च फारसा नाही. कागद आणि पेन्सिल प्रत्येक घरात असतेच.